भातुकलीतली मिशी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीज आटोपली होती, फराळाचे डबे अर्धेअधिक रिकामे झाले होते आणि सणानंतर दुपारच्या वेळी घरावर जी एक सुस्ती पसरते ती पसरली होती. पुण्याहून आलेली माझी भाची, वय वर्षे अकरा, ओसरीवर पालथी पडून टॅबवर खेळत होती. शेजारी आई सुपारी कातरीत बसली होती. आईची नजर आता अधू झाली आहे. पण नातीच्या हातातल्या त्या उजळ पाटीकडे ती मोठ्या कौतुकाने पाहत असते.

खेळात लग्न लागत होते. सारा गाव नटूनथटून उभा होता, फुलांची आरास होती आणि मधोमध वधूवर उभे होते. आईने डोळे बारीक करून पाहिले आणि आमच्या अहिराणीत विचारले, "दोन्ही आंडरीच शेतस का वं?" म्हणजे, दोन्ही मुलीच आहेत का ग?

"हो आजी," भाची मान वर न करता म्हणाली, "गेममध्ये चालतं."

"अस्सं!" म्हणून आईने पुन्हा अडकित्ता हाती घेतला. तिचे समाधान झाले. माझे झाले नाही. गेममध्ये चालते हे दिसतच होते. पण ते कोणी चालू दिले? केव्हापासून चालते? पूर्वी चालत नसेल तर कोणी अडवले होते? 'चालते' हा शब्द मोठा फसवा आहे. ऊनपावसासारखे ते आपोआप घडते असे वाटते. पण चालणारी गोष्ट कोणी तरी चालवलेली असते आणि न चालणारी कोणी तरी अडवून धरलेली असते.

मी बालवाडीत शिकवते. मुलांचा खेळ हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. दोन कादंबऱ्याही माझ्या नावावर आहेत. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी मजकूर वाचायचा तर शब्दकोश मांडीवर घ्यावा लागतो. तरीही त्या दिवाळीपासून वर्षभर, जमेल तसा, या खेळांचा इतिहास मी वाचीत गेले. जे सापडले ते आज सांगायचे आहे. पण त्याआधी आमच्या त्याच ओसरीवरची एक जुनी हकीगत सांगितली पाहिजे. नाही तर पुढच्या साऱ्या हकीगतींचे मला इतके का वाटले, हे वाचकांना कळायचे नाही.

साक्री हे सुरत-धुळे रस्त्यावरचे, कान नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. मी सात-आठ वर्षांची असेन, म्हणजे १९८६-८७ चा सुमार. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आळीतल्या मुलींची भातुकली मांडली जाई. चिंध्यांच्या बाहुल्या, काडेपेट्यांचे पलंग, करवंट्यांची भांडी आणि शेवटी थाटाचे लग्न. त्या वर्षी अडचण अशी झाली की आळीत बाहुला एकही नव्हता. माझी एक बाहुली आणि समोरच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीची एक बाहुली. मैत्रीण म्हणाली, "मग काय झालं? या दोघींचंच लावू." आम्हांला त्यात काही खटकले नाही. अंतरपाट म्हणून माझ्या भावाचा रुमाल धरला. चुरमुऱ्यांच्या अक्षता तयार होत्या.

एवढ्यात काकू पाणी भरून आल्या. त्या हसल्या, हंडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगं वेड्यांनो, असं कुठं असतं का?" आणि डबीतले काजळ बोटावर घेऊन त्यांनी मैत्रिणीच्या बाहुलीला झोकदार मिशी काढली. झाला नवरदेव! सगळ्याजणी टाळ्या पिटू लागल्या. मैत्रीण मात्र बाहुली घेऊन आत गेली, आणि थोड्या वेळाने पाहते तो पदराचे टोक ओले करून तिने ती मिशी पुसायला घेतलेली. पण काजळच ते! पुसायला जावे तसे पसरते. बाहुलीचे तोंड काळे झाले आणि लग्न त्या दिवशी लागलेच नाही.

काकूंच्या मनात वाईट काही नव्हते. खेळ मोडू नये, म्हणूनच त्यांनी मिशी काढली होती. पुढे इतिहास वाचताना मला ही काजळाची मिशी जागोजाग भेटत गेली.

संगणकावरचे जे घरगुती खेळ आहेत, म्हणजे ज्यांत मारामारी नसून घर बांधायचे, शेत पिकवायचे, शेजारपाजार जोडायचा, त्यांचे मूळ भातुकलीतच आहे. हे माझे कवित्व नव्हे. १९९१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे डोंगरउतारावरच्या वस्तीला मोठी आग लागली. तीत विल राइट नावाच्या खेळ-रचनाकाराचे घर जळाले. राखेतून पुन्हा संसार उभा करताना कोणती वस्तू आपल्याला खरोखर लागते, याचा विचार करता करता त्याला एका नव्या खेळाची कल्पना सुचली. खेळाचे कच्चे नावही त्याने 'बाहुलीघर' या अर्थाचेच ठेवले होते. कंपनीतल्या मंडळींना ते पसंत पडेना. बाहुलीघर मुलींचे आणि संगणकावर खेळतात ते मुलगे, अशी तेव्हाची समजूत. पुष्कळ वर्षे रखडत रखडत अखेर २००० सालच्या फेब्रुवारीत तो खेळ 'द सिम्स' या नावाने बाहेर पडला आणि जगभर गाजला.

या बाहुलीघरात कोणी कोणावर प्रेम करावे, हा प्रश्न तो तयार होत असतानाच निघाला होता. पुरुषाने पुरुषावर किंवा स्त्रीने स्त्रीवर प्रेम करण्याची सोय ठेवावी की नाही, यावर रचनाकारांत चर्चा झाली आणि नको, असे ठरले. १९९८ साली पॅट्रिक बॅरेट नावाचा एक तरुण तेथे नोकरीला लागला. बाहुल्यांनी एकमेकांशी कसे वागावे, हे लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. मौज अशी की, त्याच्या हाती जे टिपण पडले ते जुने होते. 'नको' असे ठरण्याच्या आधीचे. त्याने ते प्रमाण मानले आणि स्त्री-पुरुष असा भेद न करता प्रेमाचे नियम लिहून टाकले. तो स्वतः पुरुषावर प्रेम करणारा होता; आपण लिहितो आहोत त्यात त्याला वावगे काहीच वाटले नाही.

१९९९ साली लॉस एंजेलिसच्या खेळ-प्रदर्शनात हा खेळ दाखवायचा होता. त्यासाठी एका लग्नाचा प्रसंग तयार केला होता. वधूवरांनी काय करावे ते आधी बसवून ठेवले होते. पण वऱ्हाडातल्या प्रत्येक बाहुलीला शिकवून ठेवण्याइतका वेळ मिळाला नाही. त्या आपल्या मनाने वागायला मोकळ्या राहिल्या. आणि ऐन प्रदर्शनात, सारे पत्रकार पाहत असताना, वऱ्हाडातल्या दोन स्त्रिया एकमेकींच्या प्रेमात पडल्या आणि त्यांनी एकमेकींचे चुंबन घेतले. लोकांची तोबा गर्दी उसळली. ज्या खेळाकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते, तो प्रदर्शनाचा विषय झाला. त्यानंतर ती सोय काढून टाकण्याचे कारण उरले नाही.

मला या हकीगतीत जे मोलाचे वाटते ते हे की, बंदी ठरवून घातली गेली होती आणि मोकळीक मात्र एका जुन्या टिपणामुळे राहून गेली. काकू त्या दिवशी पाणी भरायला जरा उशिरा परतल्या असत्या, तर आमच्याही बाहुल्यांचे लग्न लागून गेले असते!

पण लग्न ही वेगळी पायरी आहे. पहिल्या 'सिम्स'मध्ये दोन स्त्रियांना किंवा दोन पुरुषांना एकत्र राहता येई, लग्न करता येत नसे. २००४ साली दुसरा भाग आला. त्यात अशा जोडप्याला समारंभ करता येऊ लागला; पण त्याला 'लग्न' म्हणायचे नाही, 'जोडले जाणे' अशा अर्थाचा शब्द वापरायचा. मुंडावळ्या बांधायच्या, अक्षता टाकायच्या आणि निमंत्रणपत्रिकेवर मात्र 'स्नेहमेळावा' छापायचा, असा तो प्रकार. २००९ च्या तिसऱ्या भागात हा शब्दांचा पडदाही गेला आणि सर्वांसाठी लग्न ते लग्नच झाले. एक शब्द मिळायला नऊ वर्षे लागली.

जपानी खेळांची कथा याहून गमतीची आहे. तिकडे शेतीच्या खेळांची एक जुनी मालिका आहे; इंग्रजीत ती पुष्कळ काळ 'हार्वेस्ट मून' या नावाने येत असे. पडीक शेत कसायचे, गाईगुरे पाळायची, गावातल्या माणसांशी गोडीगुलाबीने राहायचे आणि लग्न करून संसार थाटायचा. आमच्या खानदेशातल्या मुलांना याहून ओळखीचा खेळ कोणता असणार? २००५ साली या मालिकेतला मुलींसाठी काढलेला एक भाग जपानात आला. त्यात नायिकेला काही ठरावीक मुलींबरोबर 'जिवलग मैत्रिणी' होण्याचा विधी करता येई. विधी झाला की ती मैत्रीण घरी राहायला येई आणि पुढचा संसारही होई. म्हणजे मिशी नव्हती, पण नाव मैत्रीचे होते. हाच खेळ २००८ साली अमेरिकेत निघाला तेव्हा तो विधी साराच्या सारा वगळलेला होता. मैत्रीचा पदर घेऊन आलेल्या त्या दोघींना तेथे दारातूनच परत पाठवले.

बारा वर्षांनी काट्याने दिशा बदलली. २०२० साली त्याच मालिकेतल्या एका जुन्या, लोकप्रिय खेळाची नवी आवृत्ती अमेरिका-युरोपात आली. तीत स्त्रीला स्त्रीशी, पुरुषाला पुरुषाशी घर करता येत होते. जपानी आवृत्तीत या नात्याला 'जिवलग मैत्री' हेच नाव राहिले होते. इंग्रजी आवृत्तीने मात्र त्याला सरळ 'लग्न' म्हटले. ज्या देशातल्या आवृत्तीने मैत्रीसुद्धा खोडली होती, तिथल्याच आवृत्तीने आता लग्न लिहिले. देश तोच, मुले तशीच. लिहिणाऱ्या हातांचे धैर्य तेवढे बदलले.

या साऱ्या प्रवासात मला काजळाची मिशी अगदी उघड उघड भेटली ती २०१४ साली. निन्टेन्डो हे नाव घराघरांतल्या खेळांत मोठ्या विश्वासाचे. लहान मुलाच्या हाती बिनधास्त द्यावा असा खेळ, ही त्या कंपनीची ख्याती. तिने 'तोमोदाची लाइफ' नावाचा खेळ जपानात २०१३ साली आणि इतरत्र २०१४ साली काढला. 'तोमोदाची' म्हणजे जपानीत मित्र. आपल्या आप्तेष्टांच्या चेहऱ्यांच्या बाहुल्या करायच्या आणि एका बेटावर वसवायच्या. मग त्या आपापसांत बोलतात, रुसतात, प्रेमात पडतात, लग्न करतात, त्यांना मुले होतात. मात्र प्रेम आणि लग्न केवळ स्त्री-पुरुषांतच.

अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतातल्या एका तरुणाने याविरुद्ध आवाज उठवला. त्याचे लग्न एका पुरुषाशी ठरले होते. त्याचे म्हणणे साधे होते. या बेटावर मी माझी आणि माझ्या वाग्दत्ताची बाहुली वसवली, तर आमच्यापुढे तीनच वाटा उरतात: मी एखाद्या बाईशी लग्न करावे, किंवा आम्हां दोघांपैकी एकाला बाई करून टाकावे, किंवा लग्नाचा विचारच सोडून द्यावा.

ही दुसरी वाट वाचली आणि मी थांबले. एकाला बाई करून टाकावे! म्हणजे एकाच्या बाहुलीला नथ घालावी, कुंकू लावावे, मग सारे सुरळीत. साक्रीतल्या एका ओसरीवर काकूंनी जे केले, तेच जगातली एक मोठी कंपनी एका प्रौढ माणसाला करायला सांगत होती. आणि तिचाही हेतू काकूंइतकाच निर्मळ होता.

कंपनीने प्रथम सांगितले की, या खेळातून सामाजिक भाष्य करण्याचा आमचा विचार नव्हता. हे एक गमतीचे, कल्पित जग आहे. उत्तर पुष्कळांना रुचले नाही. थोड्याच दिवसांत कंपनीने क्षमा मागितली. तयार खेळ आता बदलता येत नाही. पण पुढचा भाग काढलाच, तर सर्वांना सामावून घेईल असा तो पहिल्यापासून रचण्याचा प्रयत्न करू, असे आश्वासनही दिले.

'भाष्य करायचे नव्हते' हे वाक्य मी कितीदा तरी वाचले. ते खोटे नाही. काकूंनाही भाष्य करायचे नव्हते. पण दहा दारांपैकी एकच उघडे ठेवायचे आणि 'आम्ही कोणाला अडवलेले नाही' असे म्हणायचे, हे ज्याचे दार बंद राहिले त्याला कसे पटावे?

आता कोणी म्हणेल, बाई, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. आपल्याकडे कौटुंबिक करमणुकीत असल्या गोष्टी नव्हत्याच. येथे मला आपल्या रंगभूमीकडे वळले पाहिजे. कारण सहकुटुंब, सहपरिवार पाहायची करमणूक म्हणजे आपल्याकडे प्रथम नाटक.

१९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आले. भामिनीच्या भूमिकेत नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. आणि समोरचा धैर्यधरही अर्थात पुरुषच. स्त्रियांनी नाटकात काम करणे तेव्हा प्रतिष्ठित घरांत संमत नव्हते, म्हणून प्रेमिकांची सारी आर्जवे, सारे रुसवेफुगवे दोन पुरुषांनी रंगवायचे. ते पाहायला घरंदाज कुटुंबे बैलगाड्या जोडून येत. बालगंधर्वांचे शालू, त्यांची नथ, त्यांची अंबाड्यावरची फुले यांचे अनुकरण घरोघरच्या लेकीसुना करीत. कोणाची नीती बिघडली नाही, कोणाचे घर बुडाले नाही. तिथे मिशी काढायची नव्हती, उतरवायची होती, एवढाच फरक. दोघे पुरुष आहेत हे प्रत्येकाला ठाऊक होते. एकाने नथ घातली की ते विसरण्याची सर्वांना मुभा होती.

म्हणजे आपल्या कुटुंबवत्सल प्रेक्षकाला दोन पुरुषांनी रंगवलेले प्रेम सोसत नव्हते असे नाही. सोसत नव्हते ते नथ काढून ठेवल्यावरचे.

नथ आणि मिशी दोन्ही बाजूला ठेवून हे सांगण्याचे धाडस विजय तेंडुलकरांनी केले. १९८१ साली त्यांचे 'मित्राची गोष्ट' आले. त्यातली सुमित्रा ही तरुणी एका मुलीवर जीव लावते. ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. पाठोपाठ १९८२ साली जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' चित्रपट आला. स्मिता पाटील त्यात महिलाश्रमाच्या अधीक्षिका आहेत. त्या आश्रमातही दोन स्त्रियांच्या नात्याचा प्रसंग येतो. पुढे २००६ साली सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी निघाली. तीत बहीण आणि भाऊ दोघांचेही मन एकाच तरुणावर जडते. या कृतींचे ऋण मोठे आहे. पण सुमित्राचा शेवट मृत्यूत होतो, आश्रमातल्या दोघींचे नाते ही संस्थेला अडचण वाटते आणि भाऊबहीण दोघांच्याही वाट्याला विरह येतो. एखादी साधीसुधी संध्याकाळ, चुलीवरचा भात आणि 'आज उशीर झाला का ग?' असे विचारणारे माणूस, हे त्या वेळच्या आपल्या लेखणीला सुचत नव्हते. मी इतरांना नावे ठेवीत नाही. ठेवायचे तर पहिले नाव माझे आहे.

माझी पहिली कादंबरी मी २००९ साली लिहिली. समोरच्या घरातली ती मैत्रीण तोवर पुष्कळ सोसून बसली होती. विसाव्या वर्षी तिचे लग्न झाले, दोन वर्षांत ती माहेरी परतली आणि पुढे नाशिकला परिचारिका झाली. तेथे तिच्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण तिला भेटली. दोघींनी बिऱ्हाड केले. मी तिच्याकडे जाऊन चार दिवस राहिले आहे. आयुष्यात जी काही सुखी घरे मी पाहिली, त्यांतले ते एक. सकाळपाळी कोणाची, रात्रपाळी कोणाची याचा तक्ता भिंतीला लावलेला. जी घरी असेल तिने दुसरीचे ताट झाकून ठेवायचे.

ते घर मी कादंबरीत घेतले. ताट घेतले, तक्ता घेतला, नायिकाही जशीच्या तशी घेतली. आणि दुसरीला पुरुष करून टाकले. त्याचे नाव मधुकर ठेवले. मला तसे कोणी सांगितले नव्हते. संपादकांनी नाही, प्रकाशकांनी नाही. पुस्तक वाचनालयांत जाईल, आयाबाया वाचतील, कुटुंबाच्या हाती पडण्याजोगे असावे, असे माझे मीच ठरवले. पुस्तक निघाले तेव्हा पहिली प्रत मी मोठ्या प्रेमाने तिला पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आले. पत्रात एकच ओळ होती: "माझ्या बाहुलीला पुन्हा मिशी काढलीस."

त्यानंतर दोन वर्षे ती माझ्याशी बोलली नाही.

म्हणून भाचीचे ते "गेममध्ये चालतं" माझ्या इतके जिव्हारी लागले. ती खेळत होती त्या खेळाचे नाव 'स्टारड्यू व्हॅली'. जपानी शेतीच्या खेळांवर लहानपणापासून जीव असलेल्या एरिक बारोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने तो चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने बसून रचला; चित्रे त्याची, संगीत त्याचे, संवादही त्याचेच. २०१६ सालच्या फेब्रुवारीत तो बाहेर पडला आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. गावात लग्नाची बारा माणसे आहेत, सहा स्त्रिया आणि सहा पुरुष. खेळणारा स्त्री असो वा पुरुष, बारांपैकी कोणाचेही मन जिंकावे. भेटी द्याव्यात, वाढदिवस लक्षात ठेवावा, फुलांचा गुच्छ द्यावा. आणि मग पावसाळी दिवशी समुद्रकाठी एक वृद्ध खलाशी उभा असतो, त्याच्याकडून ५,००० नाण्यांना मिळणारे पदक देऊन मागणी घालावी. दोघी स्त्रिया असल्या तर पुढे मूल दत्तक घ्यावे. बस्स, एवढेच. अमेरिकेतल्या वर्गवारीने हा खेळ दहा वर्षांवरील सर्वांसाठी ठरवला आहे. त्यासाठी जी कारणे नोंदली आहेत त्यांत दारू-तंबाखूचा आणि खोट्या जुगाराचा उल्लेख आहे, लग्नाचा नाही.

बालवाडीतल्या मुलांच्या आया मला कधी कधी विचारतात, "बाई, मुलांच्या कोवळ्या मनावर याचा काय परिणाम होईल?" प्रश्न रास्त आहे, आणि आईने तो विचारलाच पाहिजे. मी शिक्षिकेच्या नजरेने माझ्या भाचीला पाहत होते. तिला लग्नापेक्षा चिंता होती ती गाईची. पावसाच्या आधी वैरण साठली नव्हती. मुलाला घर कळते, माया कळते, कोण कोणाची वाट पाहतो ते कळते. 'असे का?' हा प्रश्न मोठ्यांना पडतो. मुलाला काही दुखत असेल, तर आपल्यासारखे कोणीच त्या खेळात नाही, हे तेवढे दुखते. आमच्या आळीतल्या त्या मुलीला सातव्या वर्षी ते दुखले होते, आणि का दुखले हे सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हता. फक्त ओल्या पदराचे टोक होते.

जगात सगळीकडे हे चालू लागले आहे, असेही समजू नये. रशियात 'सिम्स'चा चौथा भाग २०१४ साली आला तो तिथल्या कायद्यामुळे अठरा वर्षांवरच्यांसाठी ठरला. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच खेळाची लग्नसमारंभाची एक पुरवणी निघाली. तिच्या जाहिरातीत दोन वधू होत्या. रशियात ती विकायचीच नाही, असे कंपनीने आधी ठरवले. खेळणाऱ्यांनी कुरकुर केली, तेव्हा निर्णय फिरवून एक अक्षरही न कापता ती तेथे दिली. कापून देण्याची वाट तेव्हाही मोकळी होती. ती या वेळी कोणी घेतली नाही.

आपल्या देशात १८६० च्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम अशा नात्यांच्या डोक्यावर दीडशेहून अधिक वर्षे टांगलेले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सज्ञान माणसांचे राजीखुशीचे नाते हा गुन्हा नव्हे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयापुढे लग्नाचा प्रश्न निकालास आला, तेव्हा तो हक्क न्यायालयाने दिला नाही. ते काम कायदेमंडळाचे, असे म्हटले. म्हणजे माझ्या भाचीच्या बाहुल्यांना जे ५,००० नाण्यांत मिळते, ते नाशिकच्या त्या घराला अजून मिळालेले नाही. 'गेममध्ये चालतं' या उत्तरातला 'गेममध्ये' हा शब्द भाचीने सहज वापरला होता. पण तो अगदी अचूक होता.

खेळाने कायदा बदलत नाही, हे मला कळते. पण भातुकली ही संसाराची तालीम असते, असे आपणच म्हणत आलो. तालमीत ज्याला उभेच केले नाही, त्याला पुढे रंगमंचावर पाहून आपण दचकतो, यात नवल ते काय?

मैत्रिणीचा अबोला सुटला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. त्याच दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, त्या दोघी साक्रीला आल्या होत्या. ओसरीवर चहा झाला. भाचीने त्यांना आपले शेत दाखवले, गाय दाखवली, घर दाखवले. "आणि या दोघी?" मैत्रिणीने विचारले. "त्यांचं काल लग्न झालं," भाची म्हणाली, "आजी आली होती लग्नाला." आई सुपारी कातरता कातरता मनापासून हसली.

मैत्रीण बराच वेळ त्या उजळ पाटीकडे पाहत राहिली. नंतर आम्ही दोघी कानाच्या बाजूला फिरायला गेलो, तेव्हा मी तिला म्हटले, "पुस्तकाची दुसरी आवृत्ती कधी निघालीच, तर मधुकरला मी काढून टाकीन. जी होती तिलाच परत आणीन."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला राहू दे आता. बिचाऱ्याला माझ्या घरात राहून इतकी वर्षं झाली. पण पुढच्या पुस्तकात काजळाची डबी जवळ घेऊन बसू नकोस."

तिसरी कादंबरी सध्या लिहिते आहे. टेबलावर शब्दकोश आहे, चष्मा आहे. डबी नाही.